अध्यापकांच्या परिषदेपासून प्रक्षेपणाच्या करारापर्यंत : अमेरिकेतील आंतरविद्यापीठीय क्रीडा परिषदांची पुनर्रचना आणि भवितव्य

सारांश

अमेरिकेतील विद्यापीठे आपले क्रीडासामने 'कॉन्फरन्स' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, स्वेच्छेने स्थापन केलेल्या संघटनांच्या चौकटीत खेळतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खेळावर शैक्षणिक अंकुश राहावा म्हणून अध्यापकांनी अशा परिषदा उभारल्या. आज मात्र त्या प्रामुख्याने दूरचित्रवाणी-प्रक्षेपणाच्या हक्कांची विक्री करणाऱ्या संस्था बनल्या आहेत. १९८४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने या परिवर्तनाला वाट मोकळी झाली आणि २०२१ ते २०२४ या काळात त्याचा कळस झाला. प्रस्तुत लेखात या पुनर्रचनेची पार्श्वभूमी, कारणे व परिणाम यांचा आढावा घेऊन मोठ्या परिषदांच्या भवितव्याचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : क्रीडा परिषद, पुनर्रचना, प्रक्षेपण-हक्क, एनसीएए, उत्पन्न-वाटप, विद्यार्थी-खेळाडू.

१. प्रस्तावना

'कॉन्फरन्स' हा शब्द उच्चारताच आपल्याकडील प्राध्यापकाच्या डोळ्यांसमोर बीजभाषण, शोधनिबंधांचे वाचन आणि सहभागाचे प्रमाणपत्र असे चित्र उभे राहते. अमेरिकेतील विद्यापीठीय जीवनात याच शब्दाला आणखी एक अर्थ आहे. परस्परांशी नियमितपणे सामने खेळणाऱ्या, समान नियम पाळणाऱ्या आणि सामन्यांतून मिळणारे उत्पन्न वाटून घेणाऱ्या विद्यापीठांच्या समूहाला तेथे 'कॉन्फरन्स' म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी 'परिषद' हा शब्द योजला आहे.

४ ऑगस्ट २०२३ या एकाच दिवशी ओरेगन, वॉशिंग्टन, अ‍ॅरिझोना, अ‍ॅरिझोना स्टेट आणि युटा या पाच विद्यापीठांनी पॅसिफिक किनाऱ्यावरील 'पॅक-१२' ही परिषद सोडत असल्याचे जाहीर केले. तीन विद्यापीठांनी त्याआधीच निरोप घेतला होता. पुढील चार आठवड्यांत आणखी दोन बाहेर पडली आणि १९१५ मध्ये पोर्टलंड शहरात जिची मुळे रुजली त्या परिषदेत ओरेगन स्टेट व वॉशिंग्टन स्टेट एवढीच दोन विद्यापीठे उरली. वस्तुतः या दोन विद्यापीठांनी कोणताही नियम मोडला नव्हता, त्यांचे संघ दुबळे नव्हते आणि त्यांची प्रेक्षागृहेही ओस पडलेली नव्हती. ती कोर्व्हालिस आणि पुलमन या लहान गावांत वसलेली होती व दूरचित्रवाणीच्या बाजारपेठेत त्या गावांना फारसे मोल नव्हते, एवढाच त्यांचा दोष.

शंभर वर्षांहून अधिक काळ टिकलेली संस्था चार आठवड्यांत का कोसळते? विद्यापीठाच्या नावाने खेळल्या जाणाऱ्या खेळाविषयीचे निर्णय अखेर कोण घेतो? हे प्रश्न क्रीडाविभागापुरते मर्यादित नाहीत. उच्च शिक्षण आणि बाजारपेठ यांच्या संबंधांचा विचार करणाऱ्या प्रत्येक अध्यापकाच्या दृष्टीने ते महत्त्वाचे आहेत.

२. परिषदेचे स्वरूप

भारतीय वाचकाला ही रचना समजण्यासाठी आपल्याकडील व्यवस्थेशी तिची तुलना उपयुक्त ठरेल. भारतीय विद्यापीठ संघाच्या आंतरविद्यापीठीय स्पर्धा पूर्व, पश्चिम, उत्तर व दक्षिण अशा विभागांत होतात. महाराष्ट्रातील विद्यापीठे पश्चिम विभागात मोडतात. हा विभाग भूगोलाने ठरतो. एखाद्या विद्यापीठाने अधिक लाभासाठी विभाग बदलावा अशी कल्पनाही कोणी करीत नाही.

अमेरिकेतील परिषद ही याहून वेगळी वस्तू आहे. ती स्वतंत्र संस्था असते. तिचे आयुक्त, कार्यालय, घटना आणि अंदाजपत्रक असते. तिच्या सदस्यत्वाचे स्वरूप कराराचे असते. त्यामुळे सदस्याला निमंत्रित करता येते आणि सदस्याला ठरलेली रक्कम भरून बाहेरही पडता येते. संपूर्ण देशाच्या पातळीवर नियमन करणारी संस्था म्हणजे नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन. 'एनसीएए' या आद्याक्षरांनी ती परिचित आहे. मात्र सर्वाधिक उत्पन्न देणाऱ्या अमेरिकन फुटबॉलच्या नियमित हंगामाच्या प्रक्षेपणाचे करार या संस्थेच्या हाती नसून परिषदांच्या हाती आहेत. आजच्या पुनर्रचनेचे मूळ या विभागणीत आहे.

बिग टेन, साउथईस्टर्न, अटलांटिक कोस्ट आणि बिग ट्वेल्व्ह या चार परिषदा आज प्रमुख मानल्या जातात. २०२३ पर्यंत पॅक-१२ ही त्यांतील पाचवी होती.

३. अध्यापकांची परिषद : ऐतिहासिक पार्श्वभूमी

अमेरिकेतील पहिला आंतरमहाविद्यालयीन क्रीडासामना १८५२ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यातील विनिपेसॉकी सरोवरावर हार्वर्ड व येल यांच्यात झाला. ती नौकानयनाची शर्यत होती आणि तिचा खर्च एका रेल्वे कंपनीने उचलला होता. आपल्या मार्गावर प्रवासी यावेत हा त्या कंपनीचा हेतू होता. महाविद्यालयीन खेळ आणि व्यापार यांचा संबंध दूरचित्रवाणीने प्रथम जोडला असा समज असेल, तर तो या एका घटनेने दूर व्हावा. १८६९ मध्ये रटगर्स व प्रिन्स्टन यांच्यात पहिला आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल सामना झाला. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत हा खेळ वेगाने पसरला आणि त्याबरोबर गैरप्रकारही आले. वर्गात कधीही न दिसणारे खेळाडू विद्यापीठाच्या नावाने मैदानात उतरू लागले.

या परिस्थितीत जानेवारी १८९५ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाचे अध्यक्ष जेम्स स्मार्ट यांच्या पुढाकाराने मध्यपश्चिमेकडील सात संस्थांचे अध्यक्ष शिकागो येथे एकत्र आले. पुढील वर्षी त्यातून जी संघटना आकारास आली तिचे मूळ नाव मुद्दाम लक्षात घेण्यासारखे आहे. 'अध्यापक-प्रतिनिधींची आंतरमहाविद्यालयीन परिषद' असे ते नाव होते. खेळाडू हा खराखुरा, पूर्णवेळ शिकणारा आणि अभ्यासात मागे न पडलेला विद्यार्थीच असला पाहिजे, हा तिचा आरंभीचा मुख्य आग्रह होता. म्हणजे 'कॉन्फरन्स' या शब्दाचा तेथील अर्थही मुळात आपल्याला परिचित असलेलाच होता. अध्यापकांनी एकत्र बसून विचारविनिमय करावा व निर्णय घ्यावेत अशी ती सभा होती. हीच संघटना आज 'बिग टेन' म्हणून ओळखली जाते.

परिषद सोडून जाण्याचा प्रकारही नवा नाही. नियम जाचक वाटल्यामुळे मिशिगन विद्यापीठाने १९०७ मध्ये ही परिषद सोडली आणि १९१७ मध्ये ते परत आले. त्या वेळी सदस्यसंख्या दहा झाली आणि 'बिग टेन' हे नाव रूढ झाले. नियम कडक की सैल, हा त्या काळातील वादाचा विषय होता ही बाब मात्र ध्यानात घेतली पाहिजे.

१९०५ मध्ये फुटबॉलच्या मैदानावरील मृत्यू व गंभीर दुखापती यांमुळे देशभर खळबळ उडाली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल व प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये पाचारण केले. पुढील वर्षी जी राष्ट्रीय संघटना स्थापन झाली तिला १९१० मध्ये एनसीएए हे नाव मिळाले. १९२९ मध्ये कार्नेगी प्रतिष्ठानच्या अहवालाने महाविद्यालयीन खेळांतील वाढत्या व्यापारीकरणावर कठोर टीका केली. त्याच काळात पॅसिफिक कोस्ट (१९१५), साउथईस्टर्न (१९३२) आणि पुढे अटलांटिक कोस्ट (१९५३) या परिषदा उभ्या राहिल्या. आगगाडीने जाऊन परत येता येईल असे शेजार, हाच त्यांच्या रचनेचा सर्वसाधारण निकष होता. परिषदांच्या नावांतच त्यांचा भूगोल सामावलेला होता.

४. १९८४ चा निर्णय : अंकुश कसा सुटला

दूरचित्रवाणीचा प्रसार होताच सामन्यांच्या तिकीटविक्रीवर परिणाम होईल अशी भीती निर्माण झाली. त्यामुळे १९५० च्या दशकाच्या आरंभापासून एनसीएएने फुटबॉलच्या प्रक्षेपणावर केंद्रीय नियंत्रण ठेवले. किती सामने दाखवायचे, कोणत्या संघाला किती वेळा संधी द्यायची आणि त्याचे किती पैसे मिळावेत हे तीच संस्था ठरवीत असे. १९८० च्या दशकारंभीच्या योजनेनुसार कोणताही संघ दोन वर्षांत सहापेक्षा अधिक वेळा पडद्यावर दिसू शकत नव्हता. प्रेक्षकांची मागणी असलेल्या बलाढ्य विद्यापीठांना हे बंधन अन्यायकारक वाटू लागले.

ओक्लाहोमा व जॉर्जिया या विद्यापीठांच्या वतीने हा वाद न्यायालयात गेला. २७ जून १९८४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन अशा बहुमताने एनसीएएची ही योजना मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणारी ठरवली. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी लिहिले. भिन्नमत न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांचे होते. व्हाइट हे स्वतः तरुणपणी कोलोरॅडो विद्यापीठाचे नामांकित फुटबॉलपटू होते. महाविद्यालयीन खेळाकडे निव्वळ व्यापार म्हणून पाहता येणार नाही, त्याच्या शैक्षणिक उद्दिष्टासाठी काही सामूहिक निर्बंध आवश्यक आहेत, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता.

कायद्याच्या दृष्टीने बहुमताचा निर्णय सुसंगत होता. सदस्यांनी संगनमताने पुरवठा रोखून धरावा हे बाजारपेठेच्या न्यायात बसणारे नव्हते. तथापि या निर्णयाचा संस्थात्मक परिणाम दूरगामी झाला. प्रक्षेपणाचे हक्क केंद्रीय संस्थेकडून सुटले आणि कालांतराने परिषदांच्या हाती एकवटले. सामने खेळवणारी परिषद आता सामने विकणारी परिषद झाली. विक्रेत्याला आपला माल अधिक आकर्षक करण्याची इच्छा होणे स्वाभाविक असते. परिषदेच्या बाबतीत माल म्हणजे तिची सदस्य-विद्यापीठे.

५. पुनर्रचनेच्या तीन लाटा

पहिली लाट १९९० ते १९९६ या काळात आली. पेन स्टेट विद्यापीठाने बिग टेनमध्ये प्रवेश केला. साउथईस्टर्न परिषदेने आर्कान्सा व साउथ कॅरोलायना यांना घेऊन सदस्यसंख्या बारा केली, परिषदेचे दोन गट पाडले आणि १९९२ मध्ये गटविजेत्यांचा स्वतंत्र अंतिम सामना सुरू केला. या एका सामन्याच्या प्रक्षेपणातून मिळालेल्या उत्पन्नाने इतरांचे डोळे दिपले. टेक्सासमधील जुनी साउथवेस्ट परिषद १९९६ मध्ये विसर्जित झाली. तिचे चार सदस्य बिग एट परिषदेच्या आठ सदस्यांसह बिग ट्वेल्व्हमध्ये गेले आणि उरलेल्या चौघांना दुय्यम परिषदांचा आश्रय घ्यावा लागला. प्रत्येक पुनर्रचनेत काही विद्यापीठे मागे राहतात, याचे हे पहिले ठळक उदाहरण होय.

दुसरी लाट २०१० ते २०१४ ची. २००७ मध्ये बिग टेनने स्वतःची दूरचित्रवाहिनी सुरू केली होती. केबल जोडणी असलेल्या प्रत्येक घरामागे वाहिनीला दरमहा काही रक्कम मिळे, मग त्या घरात सामना पाहिला जावो वा न जावो. साहजिकच नव्या सदस्याची निवड करताना त्याच्या राज्यात केबलची किती घरे आहेत हा प्रश्न महत्त्वाचा ठरला. २०१४ मध्ये मेरीलँड व रटगर्स यांना मिळालेल्या प्रवेशामागे वॉशिंग्टन व न्यू यॉर्क या महानगरांचे सान्निध्य हे मुख्य कारण होते. मेरीलँड हे अटलांटिक कोस्ट परिषदेच्या संस्थापकांपैकी एक, परंतु संस्थापकत्वाची आठवण करारापुढे टिकली नाही. याच काळात नेब्रास्का बिग टेनमध्ये, कोलोरॅडो व युटा पॅक-१२ मध्ये आणि मिसुरी व टेक्सास ए अँड एम साउथईस्टर्नमध्ये गेले.

तिसरी लाट जुलै २०२१ मध्ये टेक्सास व ओक्लाहोमा यांनी साउथईस्टर्न परिषदेकडे जाण्याचा निर्णय केला तेव्हा उसळली. बिग टेनने त्याला ३० जून २०२२ रोजी उत्तर दिले. लॉस एंजेलिसमधील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि यूसीएलए ही दोन विद्यापीठे त्या दिवशी पॅक-१२ मधून तिच्याकडे आली. या वेळी केबल-घरांचे गणित मागे पडले होते. आता देशभर पाहिले जातील अशा सामन्यांची मागणी होती. ऑगस्ट २०२२ मध्ये बिग टेनने फॉक्स, सीबीएस व एनबीसी या तीन जाळ्यांशी सात वर्षांचा करार केला. त्याचे मूल्य ७०० कोटी डॉलरहून अधिक असल्याचे वृत्त होते. २०२४ पासून बिग टेनचे सदस्य अठरा झाले, साउथईस्टर्नचे व बिग ट्वेल्व्हचे प्रत्येकी सोळा. 'टेन' मध्ये अठरा आणि 'ट्वेल्व्ह' मध्ये सोळा, ही नावे आता केवळ व्यापारचिन्हे म्हणून उरली आहेत.

६. पॅक-१२ : एका विघटनाचा अभ्यास

या लाटेत पॅक-१२ चे झालेले विघटन अधिक बारकाईने पाहण्याजोगे आहे, कारण त्यातून परिषदांच्या अस्तित्वाचे अर्थकारण स्पष्ट होते.

पॅक-१२ ने २०१२ मध्ये संपूर्ण स्वतःच्या मालकीची वाहिनी सुरू केली. बिग टेनने आपल्या वाहिनीत फॉक्सला भागीदार केले होते. पॅक-१२ ने भागीदार घेतला नाही. परिणामी सर्व नफा स्वतःकडे राहण्याची सोय झाली, पण वितरकांवर दबाव आणणारा बलवान साथीदार मिळाला नाही आणि डायरेक्टटीव्ही या मोठ्या उपग्रह वितरकाने ही वाहिनी कधीच घेतली नाही. शिवाय पॅसिफिक किनाऱ्यावरचा रात्रीचा सामना सुरू होतो तेव्हा पूर्वेकडील प्रेक्षक निद्राधीन होऊ लागलेले असतात. भूगोलाने दिलेली ही अडचण सदस्यांच्या गुणवत्तेने भरून निघणारी नव्हती.

परिषदेचा चालू प्रक्षेपण-करार २०२४ मध्ये संपणार होता. लॉस एंजेलिसची बाजारपेठ हातची गेल्यानंतर नवा करार करणे भाग होते. बिग ट्वेल्व्हने मात्र आपल्या कराराची मुदत शिल्लक असतानाच ऑक्टोबर २०२२ मध्ये ईएसपीएन व फॉक्स यांच्याशी नव्या करारावर सहमती केली आणि बाजारातील उपलब्ध पैशाचा मोठा हिस्सा आधीच बांधून घेतला. पॅक-१२ समोर अखेरीस राहिला तो मुख्यतः अ‍ॅपल कंपनीचा इंटरनेट-प्रक्षेपणाचा प्रस्ताव. त्यातील उत्पन्न वर्गणीदारांच्या संख्येवर अवलंबून होते. २७ जुलै २०२३ रोजी कोलोरॅडो, म्हणजे न्यायमूर्ती व्हाइट यांचेच विद्यापीठ, बिग ट्वेल्व्हमध्ये परतले आणि आठवड्याभरात उर्वरित इमारत ढासळली.

ही प्रक्रिया एका कल्पित उदाहरणाने समजून घेता येईल. बारा सदस्यांच्या परिषदेचे वार्षिक उत्पन्न ३६ कोटी असून प्रत्येकास ३ कोटी मिळतात असे मानू. त्यांपैकी दोन लोकप्रिय संघांमुळे १२ कोटी येत असतील, तर ते दोघे निघून गेल्यावर दहा जणांत २४ कोटी उरतात आणि प्रत्येकाचा वाटा २ कोटी ४० लाखांवर येतो. आता तिसऱ्या क्रमांकाच्या संघालाही बाहेर ३ कोटी मिळण्याची शक्यता मोहात पाडते. तो गेला की चौथ्याची पाळी येते. कोणालाही परिषद मोडायची नसते, तरी प्रत्येकाच्या स्वतंत्र व सयुक्तिक निर्णयातून ती मोडते. सावकारी पेढीवरील विश्वास उडाला की ठेवीदारांची जशी रांग लागते, तसाच हा प्रकार आहे.

१ सप्टेंबर २०२३ रोजी स्टॅनफर्ड व कॅलिफोर्निया विद्यापीठाचे बर्कले आवार यांना अटलांटिक कोस्ट परिषदेने प्रवेश दिला. आरंभी बरीच वर्षे त्यांना प्रक्षेपण-उत्पन्नाचा अपुरा वाटाच मिळणार आहे. पॅसिफिक महासागराच्या काठावरील ही दोन विद्यापीठे अटलांटिक किनाऱ्याच्या नावाने खेळू लागली. उरलेल्या ओरेगन स्टेट व वॉशिंग्टन स्टेट यांनी परिषदेच्या मालमत्तेवरील व नियामक मंडळावरील हक्कासाठी न्यायालयात धाव घेतली. नोव्हेंबर २०२३ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील व्हिटमन परगण्याच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. पुढे या दोघांनी बॉइझी स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, सॅन दिएगो स्टेट आदी विद्यापीठांना निमंत्रित करून जुलै २०२६ पासून परिषद नव्याने उभारण्याचे ठरवले. नाव टिकले; संस्था मात्र दुसरीच घडवावी लागली.

७. पुनर्रचनेची किंमत

पुनर्रचनेमागील करार फुटबॉलसाठी होतात, परंतु परिषद बदलली की बहुतेक वेळा विद्यापीठाचे सर्वच संघ नव्या परिषदेत जातात. फुटबॉल संघ हंगामात साधारण बारा सामने खेळतो व तेही बहुतांशी शनिवारी. व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, बेसबॉल वा बास्केटबॉल या खेळांत सामन्यांची संख्या कितीतरी अधिक असते आणि आठवड्याच्या मधल्या दिवशीही प्रवास घडतो. लॉस एंजेलिस ते न्यू जर्सी हे अंतर सुमारे चार हजार किलोमीटर आहे, म्हणजे काश्मीर ते कन्याकुमारी या अंतराहून अधिक. घड्याळातील तीन तासांचा फरक वेगळाच. बुडालेली प्रात्यक्षिके, पुढे ढकललेल्या चाचण्या आणि विमानतळावर लिहिलेले स्वाध्याय यांचा हिशेब कोणत्याही प्रक्षेपण-करारात मांडलेला नसतो. तो वर्गातील शिक्षकाला आणि विद्यार्थिनीला मांडावा लागतो. १९७२ च्या 'टायटल नाइन' या कायद्याने स्त्रियांच्या खेळांना शिक्षणसंस्थांत समान संधीचा आधार दिला. फुटबॉलच्या सोयीसाठी आखलेल्या नकाशावर या खेळांतील विद्यार्थिनींना आज फिरावे लागत आहे.

दुसरी किंमत सार्वजनिक संस्थांच्या परस्परसंबंधांची आहे. यूसीएलए व बर्कले ही एकाच राज्य विद्यापीठाची दोन आवारे. एकाच्या प्रस्थानाने दुसऱ्याचे उत्पन्न घटले म्हणून विद्यापीठाच्या नियामक मंडळाने २०२४ मध्ये यूसीएलएने बर्कलेला प्रतिवर्षी १ कोटी डॉलर द्यावेत असे ठरवले. घटस्फोटानंतरच्या पोटगीचा उल्लेख करून तेथील वृत्तपत्रांनी या रकमेची थट्टा केली, परंतु त्यामागील प्रश्न गंभीर आहे. सार्वजनिक पैशावर उभ्या असलेल्या दोन भावंड-संस्थांपैकी एकीचा लाभ हा दुसरीचा तोटा असावा काय?

तिसरी किंमत परंपरेची. ओक्लाहोमा व ओक्लाहोमा स्टेट यांच्यातील शतकाहून जुनी वार्षिक फुटबॉल लढत २०२३ नंतर खंडित झाली. अर्थात याची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. टेक्सास व टेक्सास ए अँड एम यांची २०११ नंतर थांबलेली लढत दोघेही एकाच परिषदेत आल्याने २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. पुनर्रचना नाती तोडते तशी क्वचित जोडतेही. पण या दोहोंचा निर्णय नात्याच्या विचाराने होत नाही.

अध्यापकांच्या स्थानाचा प्रश्न याहून मूलभूत आहे. एनसीएएच्या रचनेत प्रत्येक विद्यापीठाचा एक अध्यापक-क्रीडाप्रतिनिधी आजही असतो. परंतु २०२१ ते २०२४ या काळातील निर्णय विद्यापीठांचे अध्यक्ष, विश्वस्त, क्रीडासंचालक व परिषदांचे आयुक्त यांच्यात, बहुधा गुप्तपणे आणि काही दिवसांच्या अवधीत झाले. ज्या परिषदेच्या नावातच एके काळी अध्यापक होते, तिच्या विस्ताराच्या निर्णयात त्यांना निर्णायक स्थान उरलेले नाही.

८. भवितव्याची दिशा

मोठ्या परिषदांचे भवितव्य तीन घटकांवर अवलंबून राहील असे दिसते.

पहिला घटक खेळाडूंच्या मोबदल्याचा. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात शिक्षणाशी निगडित लाभांवरील एनसीएएची मर्यादा एकमताने रद्द केली. त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावाचा व प्रतिमेचा मोबदला घेण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये हाउस खटल्यातील तडजोडीला न्यायालयाची मंजुरी मिळाली. तीनुसार माजी व तत्कालीन खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलर दहा वर्षांत द्यायचे आहेत. शिवाय विद्यापीठांना आपल्या उत्पन्नातून खेळाडूंना थेट वाटा देता येतो. पहिल्या वर्षासाठी त्याची मर्यादा प्रतिविद्यापीठ सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. खेळाडूला मोबदला मिळणे न्याय्यच आहे. मात्र या नव्या खर्चामुळे अधिक उत्पन्नाच्या परिषदेत जाण्याची ओढ वाढते, हेही तितकेच खरे.

दुसरा घटक राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेचा. फुटबॉलची ही स्पर्धा २०१४ च्या हंगामात चार संघांची होती, २०२४ पासून ती बारा संघांची झाली. २०२६ पासूनच्या उत्पन्न-वाटपात बिग टेन व साउथईस्टर्न यांचा मिळून निम्म्याहून अधिक वाटा ठरल्याचे वृत्त आहे. त्यामुळे पाच प्रमुख परिषदांची जुनी समतोल रचना मागे पडून दोन महापरिषदा व इतर अशी उतरंड तयार झाली आहे.

तिसरा घटक करारांच्या मुदतीचा. अटलांटिक कोस्ट परिषदेच्या सदस्यांनी आपले प्रक्षेपण-हक्क २०३६ पर्यंत परिषदेच्या स्वाधीन केले होते. हे बंधन झुगारण्यासाठी फ्लोरिडा स्टेटने २०२३ च्या अखेरीस व क्लेम्सनने मार्च २०२४ मध्ये परिषदेविरुद्ध दावे लावले. मार्च २०२५ मध्ये तडजोड झाली. अधिक प्रेक्षक मिळवणाऱ्या संघाला अधिक वाटा देण्याचे ठरले आणि परिषद सोडण्याचे शुल्क वर्षागणिक कमी होत २०३०-३१ मध्ये साडेसात कोटी डॉलरवर यावे असे मान्य झाले. बिग टेन व बिग ट्वेल्व्ह यांचे करारही याच सुमारास संपतात. त्यामुळे २०३० च्या आसपास पुनर्रचनेची चौथी लाट येण्याची शक्यता नाकारता येत नाही.

या पार्श्वभूमीवर नाइट आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये केलेली सूचना विचारार्ह वाटते. वरच्या श्रेणीतील फुटबॉल एनसीएएपासून वेगळा करून स्वतंत्र संस्थेकडे सोपवावा आणि इतर खेळ एनसीएएच्या शैक्षणिक चौकटीत ठेवावेत, अशी ती सूचना होती. तसे झाल्यास फुटबॉलने देशभर उड्डाणे करावीत आणि व्हॉलीबॉलच्या संघाने शेजारच्या गावी बसने जाऊन रात्री वसतिगृहात परतावे, ही व्यवस्था शक्य होईल.

वेगळा मार्ग निवडणारी उदाहरणेही आहेत. आयव्ही लीगमधील आठ विद्यापीठांनी १९५४ च्या करारान्वये क्रीडा-शिष्यवृत्ती न देण्याचे तत्त्व स्वीकारले. त्यांची सदस्यसंख्या आजही आठच आहे आणि खेळाडूंना थेट मोबदला देण्याच्या नव्या व्यवस्थेतही त्यांनी भाग घेतलेला नाही. बिग टेनचे संस्थापक सदस्य असलेल्या शिकागो विद्यापीठाने अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांच्या कारकिर्दीत १९३९ मध्ये फुटबॉल बंद केला आणि १९४६ मध्ये परिषद सोडली. तरीही १९५८ मध्ये बिग टेनच्या विद्यापीठांनी शैक्षणिक सहकार्यासाठी समिती स्थापन केली तेव्हा शिकागो तिच्यात सहभागी होते. मैदानावरील संबंध संपल्यावरही ग्रंथालय व संशोधनाचा संबंध जुळू शकतो, याचा हा बोलका पुरावा आहे. मात्र या दोन्ही उदाहरणांतील संस्थांपाशी खेळाखेरीज प्रतिष्ठेची व संपत्तीची मोठी साधने होती. कोर्व्हालिस वा पुलमन येथील विद्यापीठाला हा मार्ग तितका सुलभ नाही.

९. निष्कर्ष

१) परिषदांची पुनर्रचना १९८४ नंतर प्रक्षेपण-हक्क परिषदांच्या हाती आल्याचा तर्कसंगत परिणाम आहे. एखाद्या व्यक्तीच्या वा विद्यापीठाच्या लोभाने तिचे संपूर्ण स्पष्टीकरण होत नाही.

२) सदस्य-निवडीचा निकष शेजारापासून केबल-घरांकडे आणि तेथून राष्ट्रीय प्रेक्षकसंख्येकडे सरकला. प्रत्येक टप्प्यावर भूगोलाचे महत्त्व घटले.

३) लाभ प्रामुख्याने फुटबॉलला मिळतो, प्रवास, वेळ व अभ्यास यांच्या रूपाने किंमत मात्र इतर खेळांतील विद्यार्थी-विद्यार्थिनी मोजतात.

४) मागे राहिलेल्या संस्थांचे नुकसान त्यांच्या कामगिरीतून न होता त्यांच्या स्थानामुळे झाले. शैक्षणिक गुणवत्तेशी त्याचा संबंध नाही.

५) फुटबॉल इतर खेळांपासून वेगळा केल्याखेरीज प्रादेशिक परिषदांचे पुनरुज्जीवन अवघड दिसते.

१०. समारोप

१८९६ मध्ये अध्यापकांनी विचारलेला प्रश्न साधा होता : मैदानावर आपल्या नावाने खेळणारा मुलगा आपल्या वर्गात बसतो काय? या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठी त्यांनी परिषद स्थापन केली. आज त्याच परिषदेत लॉस एंजेलिसची खेळाडू न्यू जर्सीतील सामना संपवून पहाटे परतते आणि सकाळच्या तासिकेला हजर राहू शकत नाही. ती नियमानुसार पूर्णवेळ विद्यार्थिनी आहे, तिची फी भरलेली आहे, तिचे नाव हजेरीपटावर आहे. तिची जागा रिकामी राहण्याचे कारण तिने निवडलेले नाही, तिच्या शिक्षकांनीही नाही. ते एका करारात लिहिलेले आहे आणि त्या करारावर हजेरी घेणाऱ्या कोणाचीही स्वाक्षरी नाही. मोठ्या परिषदांचे सदस्य अठरा होतात की चोवीस, याहून ही स्वाक्षरी पुन्हा कधी आवश्यक मानली जाईल काय, या प्रश्नावर त्यांचे शैक्षणिक भवितव्य अवलंबून आहे.